रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, हिपॅटायटिस सीचा, म्हणजे लिव्हरला लागणाऱ्या त्या विषाणूचा, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग तीच तपासणी पुन्हा पुन्हा कशाला? रोवणीच्या बाया दारात उभ्या होत्या, नीट सांगता आलं नाही. थॅलेसेमियामुळे तुझ्या अंगात पुरेसं चांगलं रक्त तयार होत नाही, सारखं बाहेरून लावावं लागतं. आता नागपुरात तुझं तुलाच पाहायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझी जी एलायझा नावाची रक्ततपासणी होते ना, ती विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेल्या अँटीबॉडी शोधते. लागण झाल्यावर त्या दिसायला आठ-दहा आठवडेही लागतात. तेवढ्यात त्या माणसानं रक्तदान केलं तर त्याच्या रक्ताच्या पिशवीचा रिपोर्ट स्वच्छच येतो. त्याचा काही दोष नाही गं, त्याला स्वतःलाच माहीत नसतं. बहुतेकांना सुरुवातीला ना ताप येतो ना कावीळ दिसते. ज्याला आयुष्यात एखादवेळी रक्त लागतं त्याला हा धोका फार थोडा. तुला दर तीन-चार आठवड्यांनी पिशवी लागते, तीही दर वेळी वेगळ्या माणसाची.

नॅट नावाची तपासणी थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधते, त्यामुळे हा आंधळा काळ आठवड्याभरावर येतो. ती सक्तीची नाही, सगळ्या रक्तपेढ्या करत नाहीत. मोठ्या शहरात काही ठिकाणी होते. "ही पिशवी नॅट झालेली आहे का?" एवढं विचारायला लाजू नकोस.

पण मला जास्त काळजी आहे ती पुढच्या गोष्टीची. 2004 मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी असे 100 रुग्ण तपासले, ज्यांचे लिव्हरचे रिपोर्ट बरीच वर्षं बिघडलेले होते आणि कारण सापडत नव्हतं. अँटीबॉडी नाही, रक्तात आरएनए नाही. लिव्हरचा तुकडा काढून पाहिला तर 57 जणांच्या लिव्हरमध्ये विषाणू होता. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पांढऱ्या पेशींतही सापडला. याला ऑकल्ट, म्हणजे छुपा हिपॅटायटिस सी म्हणतात. पुढे वारंवार रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या काही रुग्णांतही तो आढळला. आपल्या धानात खोडकिडा शिरतो तेव्हा पानं हिरवीच दिसतात, तसं आहे हे.

तुझ्यासारख्या पोरींचं हे चटकन लक्षात येत नाही, कारण आरोप घ्यायला लोह तयारच असतं. एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते लिव्हरमध्ये साचतं, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) वाढतो, आणि समोरचा म्हणतो, लोहामुळेच असेल. आपल्यालाही एका ठिकाणी एवढंच सांगून घरी पाठवलं होतं, तुला आठवत असेल. लोह असतंच, पण लोह आहे म्हणजे विषाणू नाही, असं कुठे आहे? दोन्ही एकत्र असले तर लिव्हर लवकर निबर होतं. म्हणून फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा आकडा, उतरत असताना एसजीपीटी चढलेलाच राहिला, तर एलायझा निगेटिव्ह असली तरी आरएनए शोधणारी पीसीआर तपासणी मागून घे. पांढऱ्या पेशींची ती खास तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही, आणि छुप्या लागणीनं किती नुकसान होतं यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. तेव्हा रक्ताच्या डॉक्टरांबरोबर लिव्हरच्या डॉक्टरांनाही दाखव.

गोळीचंही सांगते. लोह कमी करायची तुझी गोळी पाण्यात विरघळवलीस की ग्लासच्या तळाशी पांढरा गाळ राहतो. धावपळीत तो तसाच टाकू नकोस. थोडं पाणी घालून ढवळ आणि तेही पिऊन टाक, औषध त्यातच असतं.

उद्या काही निघालंच तर घाबरायचं नाही. आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिन असायचं. रिबाविरिननं लाल पेशी फुटायच्या, मग थॅलेसेमियावाल्यांना रक्त आणखीच लागायचं. आता बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरात पंचाण्णवहून जास्त जण बरे होतात. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आशा सेविका म्हणून मी गावात हेच सांगत फिरते, तर माझ्या लेकीला ते ठाऊक नको? लस मात्र नाही. हिपॅटायटिस बीची आहे, तुला दिलेली आहे, सीची अजून निघाली नाही.

होस्टेलमध्ये कुणी ताट-वाटी वेगळी ठेव म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं हा आजार लागत नाही. रक्तातून लागतो. ब्रश, ब्लेड, नेलकटर तुझं तुझंच वापर. आणि मैत्रिणींबरोबर मार्कंड्याच्या जत्रेत गेलीस तर गोंदवून मुळीच घेऊ नकोस. सुई किती जणांच्या हातावरून फिरली असेल, सांगता येत नाही.

शनिवारी दादा नागपूरला येतोय. त्याच्याजवळ तुझी जुनी फाईल आणि दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स देते. सोबत एक वही आहे, तिच्यात दर वेळी तारीख, रक्त लावण्याआधीचा एचबी आणि पिशवीवरचा नंबर लिहीत जा. पुढे कधी शंका आली तर त्याच नंबरावरून रक्तपेढी मागचा शोध घेऊ शकते. फाईलमधले जुने एसजीपीटी आणि फेरिटिन एका कागदावर ओळीनं उतरव, आणि पुढच्या तारखेला डॉक्टरांपुढे तो कागद आधी ठेव. ते काय म्हणाले ते मला संध्याकाळी फोन करून सांग.

तुझी आई