रिमोट लॉगिन अडतंय? एसईलिनक्स बंद करू नका

सर्व सभासदांना नम्र विनंती.

सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची पद्धत) की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल, टाकूनही पासवर्ड विचारला जातोय, अशा तक्रारी येतात. त्यावर 'एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रामला काय करता येईल यावर मर्यादा घालणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) बंद करा' हा सल्ला लगेच दिला जातो. कृपया तो देऊ नका आणि पाळूही नका. एका लॉगिनसाठी अख्ख्या मशीनचं संरक्षण काढून टाकणं योग्य नाही.

आधी परवानग्या बघा: डॉट-एसएसएच फोल्डरला ७०० (फक्त मालकाला पूर्ण मुभा), ऑथराइज्ड-कीज या मान्य कींच्या फाइलला ६०० (फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा). होम फोल्डरवर ग्रुपला लिहिण्याची मुभा असेल तरी एसएसएच ती की नाकारतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

हे सगळं बरोबर असेल तर ऑडिट लॉग (सुरक्षा नोंदींची फाइल) उघडा. त्यात 'डिनाइड' आणि एसएसएचडीचं (सर्व्हरवरची एसएसएच सेवा) नाव एकाच ओळीत दिसलं, की अडवणूक एसईलिनक्सच्या धोरणाचीच आहे. फाइल दुसरीकडून 'मूव्ह' केली असेल तर ती जुनं लेबल (एसईलिनक्सने फाइलला लावलेली खूण) घेऊन येते. रिस्टोरकॉन ही कमांड चालवली की ते दुरुस्त होतं. होम फोल्डरच नेहमीची जागा सोडून वेगळ्या डिस्कवर असेल, तर नुसतं रिस्टोरकॉन पुरत नाही. आधी सेमॅनेज या कमांडने त्या जागेचा नियम नोंदवावा लागतो. एसएसएचचा पोर्ट २२ बदलून २२२२ केलात तर तोही सेमॅनेजनेच नोंदवा, नाहीतर सेवा सुरूच होणार नाही.

आणि हे सगळं करताना चालू असलेलं एक सेशन उघडंच ठेवा. नवीन लॉगिन दुसऱ्या खिडकीतून तपासल्याशिवाय ते बंद करू नका.

मदत हवी असल्यास लॉगमधली ती ओळ इथे टाका. खाजगी की मात्र कुणालाही पाठवू नका.