वही राहिली तुझी

ऐरोली, रविवार रात्र

चि. सलील,

तू तणतणत गेलास आणि वही टेबलावरच राहिली. उघडायची नव्हती, उघडली. १४ ऑगस्टच्या तीन ओळी रबराने खोडल्यास ना? पेन्सिलीचा दाब राहतो रे कागदावर. दिव्याखाली तिरकं धरलं की वाचता येतं. खाडीच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे आकडे: ७.९, ८.१, ७.८. बाकीचे सगळे लिटरला चार मिलिग्रॅमच्या आसपास.

"आउटलायर आहेत गं, बाकीच्यांत बसत नाहीत, पेपर बिघडवतात," म्हणालास. बिघडवू देत की! त्या दिवशी भरती होती का? पाण्यातला ऑक्सिजन मोजायची ही विंकलरची पद्धत, १८८८ सालची. बाटलीत एवढासा बुडबुडा राहिला की त्यातला ऑक्सिजनही मोजला जातो. तसंच लिही ना, की तीन नोंदी वेगळ्या आल्या, कारण हे असावं, म्हणून सरासरीत धरल्या नाहीत. असं सांगून गाळल्यास तर कोण काय म्हणेल?

झालं, पुन्हा तेच. मी सांगणार होते दुसरंच. सारांश शेवटी लिही. आधी आलेख मांड, मग शब्द. पद्धतीत जागा, वेळ, भरती-ओहोटी, पाण्याचं तापमान असं दे, की कुणा परक्या पोरालाही तुला न विचारता जमलं पाहिजे. 'लक्षणीय वाढ' म्हणायचं तर संख्याशास्त्राची चाचणी दाखव, नाहीतर नुसतं 'वाढ' म्हण. लेक्चर झालं, रागावू नकोस. प्रस्तावना मात्र दोनदा वाचली. खाडी म्हटलं की सगळे फ्लेमिंगोंपासून सुरू करतात, तू चिखलाच्या वासापासून केलंस. आजोबा असते तर सोसायटीभर वाचून दाखवलं असतं.

तुर्भ्याच्या लॅबमध्ये आमच्या रजिस्टरात खोडरबर चालायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. तरी एकदा वरच्यांनी "हे रीडिंग सोडून दे" म्हटलं, आणि मी सोडलं. तू पाच महिन्यांचा होतास, नोकरी नवी होती. अकरा दिवसांनी माल परत आला. विचारणा माझ्याकडे, कारण सही माझी. बाबांनाही मी हे अर्धंच सांगितलंय.

तू तसा नाहीस, माहीत आहे मला. पण मग रबर का घेतलास?

वही मंगळवारी नंदामावशीबरोबर पाठवतेय. त्या ओळींवर मी काही लिहिलेलं नाही. त्याच पानात पेन ठेवलंय, शाईचं.

आई