व्हायरलचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला की व्हायरल मार्केटिंग, म्हणजे ग्राहकांनीच एकमेकांना सांगून होणारी जाहिरात, जमले, असे सर्रास लिहिले जाते. पण पाहणे वेगळे आणि चारचौघांत सांगणे वेगळे. हिशेब सोपा आहे. एक ग्राहक सरासरी किती जणांना सांगतो, याला त्यातले किती टक्के खरेच येतात याने गुणायचे. १० जणांना सांगितले आणि ५ टक्के आले, तर गुणांक ०.५. पहिल्या १०० जणांमागे ५०, मग २५, मग १२. साखळी एकूण २०० ग्राहकांच्या आसपास थांबते. हे अपयश नव्हे बरं का, दर ग्राहकामागे जाहिरातीचा खर्च निम्म्यावर आला! गुणांक १ च्या वर गेला तरी फार काळ टिकत नाही, कारण तोच निरोप त्याच ओळखीच्या वर्तुळात फिरू लागतो.

हॉटमेल या मोफत ईमेल सेवेने १९९६ मध्ये प्रत्येक ईमेलच्या तळाशी मोफत खात्याची एक ओळ जोडली. वेगळी शिफारस करायची गरजच नाही. पत्र गेले की जाहिरात गेली. इंटरनेटवर फाइली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने साठवणुकीची जादा जागा सांगणाऱ्यालाही दिली आणि ऐकणाऱ्यालाही. बक्षीस फक्त सांगणाऱ्यालाच मिळाले, की मित्राला त्यात दलालीचा वास येतो. नोंदणी होताच बक्षीस दिले तर बनावट खात्यांचा पूर येतो; ते पहिल्या प्रत्यक्ष वापरानंतर द्यावे. आणि वस्तूच सुमार असेल तर? तक्रारही याच वाटेने पसरते, तीही बक्षिसाशिवाय.

आपला,
एक वाचक