प्रवाळांसाठी आमच्याही आमदारांनी बोलावे

महोदय,

सांगली-साताऱ्याहून असंख्य कुटुंबे सुट्टीत मालवणला जातात; परंतु सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात जिवंत प्रवाळ (समुद्रतळाशी वसाहती करून राहणारे छोटे जीव) आहेत आणि १९८७ पासून तो परिसर सागरी अभयारण्य आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. नौकांच्या नांगरांनी आणि पर्यटकांच्या पायांनी प्रवाळ मोडतात, तर पाणी तापले की त्यांच्या पेशींतील शैवाल निघून जाते व ते पांढरे पडतात. माशांची पिल्ले या प्रवाळांच्याच कपारींत वाढतात. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीतून अरबी समुद्रालाच मिळते, त्यामुळे हा विषय केवळ कोकणचा नाही. नांगर टाकण्याऐवजी नौका बांधण्यासाठी कायमचे बोये (पाण्यावर तरंगणारे खुंट) आणि प्रशिक्षित स्थानिक वाटाडे यांसाठी निधीची मागणी आमच्या आमदारांनीही विधिमंडळात करावी.

– एक वाचक, सांगली