खेळ बंद असताना आलेला इशारा

म्युनिक, जर्मनी
9 नोव्हेंबर 2025

तीर्थस्वरूप भाऊ आणि सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल फोनवर तुम्ही जे सांगितले ते मी नीट ऐकून घेतले. पण मध्येच रेंज तुटत होती, त्यामुळे माझे बोलणे तुमच्यापर्यंत अर्धेच पोचले असावे. शिवाय चिरंजिवाच्या खेळामुळे लॅपटॉपवर आलेल्या ज्या इशाऱ्यांवरून घरात तीन दिवस वाद चालला आहे, ते पाच मिनिटांत सांगून होण्यासारखे नाही. म्हणून हे सविस्तर लिहून पाठवत आहे. चिरंजिवाला लॅपटॉपशेजारी बसवून हे मोठ्याने वाचायला सांगावे आणि तुम्ही दोघांनी ऐकावे.

आधी दोन गोष्टींची विनंती. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले म्हणून सुरक्षा सॉफ्टवेअर बंद करू नका, आणि वहिनी म्हणतात तसा लॅपटॉप पेटीत घालून कुलूपही लावू नका. तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो मी मोठे करून अक्षर न् अक्षर वाचले. तिन्हींत इशाराच आहे, पण तिन्ही इशारे एका जातीचे नाहीत, आणि घरातला सगळा गोंधळ त्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे झाला आहे.

पहिला फोटो विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेटच्या दारावरच्या पहारेकऱ्याचा आहे. गाड्यांच्या शर्यतीचा तो खेळ पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा ही चौकट आली असणार. एखादा प्रोग्रॅम बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी दार उघडून बसू पाहतो, तेव्हा विंडोज घरमालकाला विचारते की याला परवानगी द्यायची का, आणि दिली तर घरच्या खाजगी नेटवर्कवर द्यायची की सार्वजनिक नेटवर्कवरही. ही फायरवॉल 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून (सुधारणांच्या संचापासून) आपोआप चालू राहू लागली. त्याआधी ती बहुतेकांच्या संगणकावर बंदच असे. चिरंजिवाने घाबरून ती चौकट रद्द केली, तरी खेळ चालूच राहिला, आणि यावरून तुम्हाला वाटले की खेळाने फायरवॉलला फसवले. तसे झालेले नाही. विंडोजची फायरवॉल मुळात बाहेरून आत येणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला आणि त्याला मिळालेल्या उत्तराला, वेगळा नियम केला नसेल तर, ती जाऊ-येऊ देते. त्यामुळे पोराने नकळत केले ते योग्यच केले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर सार्वजनिक नेटवर्कची परवानगी देऊच नये.

दुसऱ्या फोटोतल्या लाल चौकटींनी तुमची झोप उडवली आहे, म्हणून त्यांच्यावर जरा थांबतो. सुरक्षा सॉफ्टवेअरने म्हटले आहे की या खेळाने अमुक पत्त्याशी (म्हणजे इंटरनेटवर संगणकाला मिळणाऱ्या क्रमांकाशी) जोडणी करण्याचा प्रयत्न केला, तो पत्ता धोकादायक यादीत असल्यामुळे ती अडवली आहे. पाच मिनिटांत अशा चार चौकटी आल्या आणि प्रत्येकीत पत्ता निराळा होता. शेजारच्या काकांनी सांगितले की परदेशातून कोणीतरी आपल्या घरात डोकावत आहे. त्यांनी काळजीपोटीच सांगितले, पण चौकटीत दिशा स्पष्ट लिहिलेली आहे, जोडणी आतून बाहेर जात होती. शर्यतीच्या या खेळात सर्व गाड्या एका मोठ्या सर्व्हरवरून धावत नाहीत. एका शर्यतीतले आठ-दहा खेळाडू एकमेकांच्या संगणकांशी थेट जोडले जातात, म्हणजे गाडी वळवली की ते लगेच दुसऱ्याला दिसते. म्हणून प्रत्येक शर्यतीत नवे पत्ते येतात. ते कोणा ब्राझीलच्या, कोणा पोलंडच्या, कोणा आपल्याच नागपूरच्या पोराच्या घरचे असतात.

मग ते पत्ते धोकादायक यादीत कसे गेले? घरगुती इंटरनेटचा पत्ता बहुधा कायमचा नसतो. आज एका घराला असलेला क्रमांक उद्या दुसऱ्या घराला मिळतो. मोबाइल इंटरनेटवर तर हजारो ग्राहक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात. त्यांतल्या एकाच्या संगणकात विषाणू शिरला आणि तो फसवे मेल पाठवू लागला की तो पत्ता यादीत जातो, आणि त्याच पत्त्यावर बसलेला निरपराध खेळाडूही अडवला जातो. कधी तो पोरगा निरपराध असतो पण त्याचा संगणक खरोखरच बिघडलेला असतो. दोन्ही वेळी आपल्या सॉफ्टवेअरने ती जोडणी होऊ दिलेली नाही. फार तर शर्यतीत एक गाडी कमी दिसेल.

भाऊ, हरभऱ्याच्या दिवसांत तुम्ही वावरात जागलीला जाता. मचाणावरून रात्रीत दहा वेळा हाळी द्यावी लागते. त्यांतल्या आठ वेळा वारा असतो किंवा कोणाचे सुटलेले वासरू असते, एकदा रोही असतो आणि एखाद्या वेळी रानडुकरांचा कळप. आठ वेळा काही निघाले नाही म्हणून आपण जागल सोडून घरी येऊन झोपत नाही. बाबांनी तुम्हाला आणि मला शिकवले होते की आवाज कुठल्या धुऱ्याकडून आला ते आधी ऐकायचे, मग बॅटरी मारायची. या चौकटीही तशाच वाचायच्या. कोणत्या प्रोग्रॅमचे नाव आहे, जोडणी बाहेर जात होती की आत येत होती, आणि त्या वेळी संगणकावर कोण काय करत होते, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. पत्त्याच्या पुढे विसर्गासारखी दोन टिंबे देऊन जो आकडा लिहिलेला असतो तो पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक. ते 65535 पर्यंत असतात आणि खेळ त्यांतले मोठे आकडे सर्रास वापरतात, तेव्हा केवळ आकडा विचित्र दिसला म्हणून घाबरू नये. पत्ता 192.168 ने सुरू होत असेल तर तो घरातल्याच नेटवर्कचा आहे.

आता तिसरा फोटो. हा तुम्ही सर्वांत शेवटी पाठवलात आणि मला मात्र खरी काळजी याचीच आहे. तुम्ही म्हणालात की थ्री फेजची लाइन रात्री असल्यामुळे ओलितासाठी गेला होतात, पंप बंद करून अडीचला घरी आलात तेव्हा लॅपटॉपचा पडदा उजळलेला होता, त्यावर हीच लाल चौकट होती आणि पंखा इतका घोंघावत होता की ओसरीत ऐकू येत होता. चिरंजीव दहालाच झोपला होता. खेळ बंद होता. चौकटीतले नाव खेळाचे नाही. ते खेळाच्या नावाशी मिळतेजुळते आहे, मागे फक्त ‘अपडेट’ शब्द जोडला आहे, आणि ती फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये नसून टेम्प नावाच्या, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये बसली आहे. खेळ बंद, पोरगा झोपलेला, आणि तरीही एक प्रोग्रॅम मध्यरात्री संगणकाची सगळी ताकद वापरून बाहेर बोलू पाहतो. हे वासरू नव्हे.

मी चिरंजिवाला वेगळा फोन करून विचारले. त्याने खरे सांगितले, म्हणून त्याच्यावर हात उगारू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. खेळ त्याने अधिकृत ठिकाणाहून फुकट मिळणारा घेतला, त्यात त्याची काही चूक नाही. पण सर्व महागड्या गाड्या पैसे न भरता उघडून देणारे एक अनलॉकर त्याला मित्राच्या पेनड्राइव्हवरून मिळाले, आणि त्यासोबतच्या चिठ्ठीवजा फाइलमध्ये लिहिले होते की आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर हे चालणार नाही. त्याने अर्धा तास बंद केले आणि पुन्हा चालू केले. त्या अर्ध्या तासात काय शिरायचे ते शिरले.

अशा चोरवाटेच्या फाइलींमधून काय येते याचा एक पक्का दाखला सांगतो. अव्हास्ट या कंपनीने 2021 मध्ये क्रॅकोनॉश नावाचा एक प्रोग्रॅम उघडकीस आणला. तो नामांकित खेळांच्या चोरट्या प्रतींमधून पसरत होता, जगभरात 2,22,000 हून अधिक संगणकांत शिरला होता, सुरक्षा सॉफ्टवेअर काढून टाकत होता आणि मालकाच्या विजेवर आणि संगणकाच्या ताकदीवर मोनेरो हे आभासी चलन तयार करून आपल्या धन्याला पाठवत होता. त्यातून वीस लाख डॉलरहून अधिक कमाई झाली होती. तुमच्याकडे तोच आहे असे मी म्हणत नाही. पण घोंघावणारा पंखा त्याच प्रकारच्या कामाकडे बोट दाखवतो.

हे मी इतक्या तळमळीने लिहितो त्याला कारण आहे. अमरावतीला वसतिगृहात असताना मीही एका खेळासाठी अँटिव्हायरस बंद केले होते. दोन दिवसांत संगणक सुरूच होईना आणि शेवटी सगळे पुसून टाकावे लागले. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दिवाळीच्या सुटीत मी तिला चुलीपुढे बसवून मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. एका ओवीच्या मधेच ती थांबून म्हणते, "दूध उतू जाईन, थांब," आणि उठते, तेव्हा बांगड्यांचा आवाज येतो. त्याची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, आणि पुढच्या पोळ्याला आजी राहिली नाही. मी हे घरात कधी सांगितले नाही. आज सांगतो आहे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते आठवून पाहा. सातबारा, बँकेच्या पासबुकाचा आणि सर्वांच्या आधारचा फोटो, महाडीबीटीच्या अर्जाचा पासवर्ड, चिरंजिवाच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे. म्हणून हे पत्र वाचून होताच लॅपटॉपचे इंटरनेट बंद करावे. पासवर्ड बदलायचे ते वहिनींच्या मोबाइलवरून, लॅपटॉपवरून मुळीच नाही. आधी ईमेलचा, कारण बाकीच्या बहुतेक पासवर्डांची किल्ली तिथेच असते, मग बँकेचा, मग महाडीबीटीचा. खात्यातून न कळता पैसे गेलेले दिसले तर क्षणभरही न थांबता 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवावी. ती संगणक पुन्हा सुरू करून विंडोज उभे राहण्याआधीच तपासते, त्यामुळे लपून बसलेल्याला पळवाट कमी राहते. साधारण पाव तास लागतो, चार्जर लावून ठेवावा, आणि लाइन जाण्याची वेळ टाळावी. तपासणीत काही सापडो वा न सापडो, माझे मत असे आहे की कागदपत्रे आणि फोटो नव्या पेनड्राइव्हवर उतरवून विंडोज पूर्ण पुसून नव्याने घालावे. प्रोग्रॅमची एकही फाइल उतरवू नये, आणि मित्राचा तो पेनड्राइव्ह तर कशालाच लावू नये. चिरंजिवाचा जीव या खेळात आहे हे मला माहीत आहे. नव्या विंडोजवर तोच खेळ अधिकृत ठिकाणाहून पुन्हा घालता येईल आणि त्याच्या शर्यतींची नोंद त्याच्या खात्यात असल्यामुळे ती पुसली जाणार नाही. मात्र त्या खात्याचाही पासवर्ड बदलावा. त्याच्यासाठी साधे वापरकर्ता खाते वेगळे करून द्यावे आणि प्रशासकाचा पासवर्ड वहिनींकडे ठेवावा, म्हणजे काही घालायचे असेल तेव्हा त्यांना विचारावे लागेल.

मित्राच्या घरीही हे कळवावे. त्याच्या वडिलांना राग येईल असे शब्द न वापरता, तुमच्याही संगणकात हे असू शकते एवढेच सांगावे.

मी येत्या रविवारी तुमच्या रात्री आठ वाजता फोन करीन, तेव्हा माझ्याकडे दुपारचे साडेतीन असतील आणि मला सुटी असेल. विंडोज पुसण्याचे काम आपण तेव्हा व्हिडिओ कॉलवर सोबतच करू. तोवर फक्त इंटरनेट बंद, पासवर्ड बदल आणि तपासणी. पेनड्राइव्ह नवा आणावा, 32 जीबीचा पुरेल. ती. बाबांना साष्टांग नमस्कार सांगावा, आणि चिरंजिवाला सांगावे की त्याने खरे सांगितले म्हणून काकाला रात्री अडीचच्या चौकटीचा अर्थ लागला.

आपला आज्ञाधारक,
धाकटा भाऊ