कॅमेऱ्याला शिकवणारा इन्स्पेक्टर हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तपासणीच्या टेबलावर एआयचे कॅमेरे येऊ लागले, तशी माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरच्या नोकरीची काळजी सुरू झाली. नुसते डोळ्यांनी पीस चाळण्याचे काम कमी होणार, हे खरे आहे. पण कॅमेऱ्याला चांगले-वाईट शिकवायला तपासणीतलाच माणूस लागतो.

ॲल्युमिनियम कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) मशिनिंग केलेल्या फेसवरचे ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेले छिद्र घ्या. चित्राची रुंदी २४४८ पिक्सेल आणि पीस १०० मिमीचा, म्हणजे एका पिक्सेलला साधारण ०.०४ मिमी. ०.१ मिमीचे छिद्र जेमतेम अडीच पिक्सेलांत येते. तिथे एआयचे मॉडेल कितीही चांगले असले तरी भरवसा धरता येत नाही. त्यातच कूलंटचा (मशिनिंग करताना वापरायच्या थंडाव्याच्या द्रवाचा) थेंब राहिला की त्याची चकाकी छिद्रासारखी दिसते आणि चांगला माल रिजेक्शनच्या लाल पेटीत जातो. उत्पादन अडले म्हणून कोणीतरी सेटिंग सैल करते, मग खराब पीसही पास होतात. खरा इलाज पीस धुऊन हवेने सुकवण्यात आणि प्रकाश नीट लावण्यात आहे. ओरखडे पकडायचे तर दिवा बाजूने, अगदी तिरपा हवा.

विक्रेत्याच्या ‘९९ टक्के अचूक’ या शब्दावर तर मुळीच जाऊ नये. हजारात पाच पीस खराब असतील, तर सगळ्यांनाच ‘ओके’ म्हणणारे यंत्रही ९९.५ टक्के अचूक ठरते! खराबांपैकी किती सुटले आणि चांगल्यांपैकी किती अडवले, हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत.

सर्वात नाजूक काम कॅमेऱ्याला शिकवायच्या फोटोंवर ‘चांगला’ की ‘खराब’ असे शिक्के मारण्याचे. तेच १०० फोटो दोन इन्स्पेक्टरना स्वतंत्रपणे द्या. ज्या फोटोंवर दोघांचे जुळत नाही, तिथे आधी लिमिट सॅम्पल, म्हणजे कुठवर पास आणि कुठून नापास हे दाखवणारा नमुना पीस ठरवा. माणसांचेच एकमत नसेल तर यंत्र तोच गोंधळ शिकते. पुढेही दर शिफ्टला चांगले की खराब हे आधीच माहीत असलेले पीस फिरवून कॅमेरा तपासावा लागतो.

औंधच्या आयटीआयसारख्या संस्थांनी मायक्रोमीटर, व्हर्नियरच्या जोडीला हे सारे हाताने करून घ्यावे. त्यासाठी लागणारे खराब पीस कारखान्यांत रोज भंगारात जातात. दोष लिहिलेली चिठ्ठी लावून त्यातली एक क्रेट जवळच्या आयटीआयला द्यावी, ही उद्योजकांना कळकळीची विनंती.

– गुणवत्ता तपासणी क्षेत्रातील वाचक, भोसरी, पुणे