फाइलीतलं ते पान

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव वर घालत नाही. घातलं तर पहिला फोन तुमचाच येईल, ‘कशाला गं हे सगळं?’ म्हणून. पण खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतून बेळगावात नर्सिंगला येणाऱ्या पोरींनी हे वाचावं असं वाटतं, म्हणून चारचौघांत लिहिते.

मी जांबोटीच्या पुढची. दहावीपर्यंत सगळं मराठीत, कॉलेजचे पेपर इंग्रजीत आणि वॉर्डात पेशंट बोलणार कन्नड. आमची बॅच नव्या अभ्यासक्रमाची. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं २०२१ मध्ये वर्षं मोडून ८ सेमिस्टर केली, ती आमच्यापासूनच. पेपरात मी जेमतेम. लॉगबुक मात्र चकाचक! इंजेक्शनं इतकी, ड्रेसिंग इतकी, घे सही, उलट पान. लॉगबुक भरलं म्हणजे शिकलो, असाच आमचा हिशेब.

तुम्ही वरून आणखी एक फाइल काढायला लावलीत. पोर्टफोलिओ. खरं सांगते, वर्गात शिव्या घातल्या आम्ही. केअर प्लॅन (एकेका पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) आहेत, केस प्रेझेंटेशन आहे, आता हे काय नवीन? त्यात तुमची अट, सगळं लावायचं नाही, निवडून लावायचं, आणि हेच का निवडलं ते लिहायचं. पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर कुठंही दिसता कामा नये.

माझं पहिलं पान अजून आहे. ‘आजचा अनुभव मला खूप काही शिकवून गेला.’ त्याखाली तुमचा लाल पेन : ‘हे वाक्य कुठल्याही वॉर्डात कुठल्याही दिवशी चालेल. तुझ्या पेशंटचं लिही की.’ मैत्रिणींच्या फाइलींतही तेच वाक्य होतं, सगळ्यांनी एकमेकींचं बघूनच लिहिलेलं.

मग ते सर्जिकल वॉर्डातलं पान. कित्तूरकडच्या एक आजी, ऑपरेशनचा दुसरा दिवस. मी विचारलं, ‘नोवु?’, म्हणजे दुखतंय का. त्या हसून ‘इल्ल’, नाही, म्हणाल्या. मी चार्टवर वेदना दहापैकी ० लिहून मोकळी झाले. तुम्ही मागं उभ्या होता. काही बोलला नाहीत, फक्त आजींच्या हाताकडं बोट केलंत. चादरीची कड मुठीत घट्ट धरलेली. तुम्ही कन्नडमधून सावकाश विचारलंत, कूस बदलताना कसं होतं, खोकताना कसं होतं. तेव्हा आकडा निघाला ७.

मी घाबरले. इंटर्नलचे मार्क गेले, दुसरं काय. तुम्ही बाजूला घेऊन म्हणालात, ‘हे फाइलीत लिही. मराठीत लिही आधी, इंग्रजी मग बघू.’ आपल्याच अनुभवाकडं मागं वळून बघायच्या गिब्जच्या चक्राच्या सहा पायऱ्या (१९८८ ची ती मांडणी) आम्ही व्हायवासाठी घोकल्या होत्या. काय झालं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, असं का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. त्या रात्री पहिल्यांदा त्या वापरल्या. ‘असं का झालं’ला अडले. कन्नड येत नाही, हे कारण सोपं होतं. खरं कारण, मला ‘इल्ल’च ऐकायचं होतं. पाच बेड बाकी होते.

ते पान तुम्ही मार्कांसाठी धरलं नाहीत. चूक लिहिली म्हणून कापले नाहीत, छान रडलीस म्हणून वाढवलेही नाहीत. मार्क दिलेत ते पुढच्या चार केअर प्लॅनना, कारण त्यांत वेदना हालचालीच्या वेळी विचारलेली दिसत होती. शेवटी फाइल दुसऱ्या मॅडमनाही तपासायला दिलीत, वेगवेगळे मार्क घालून मग दोघी समोरासमोर बसलात. एकटीच्या मर्जीवर ठेवलं नाहीत, हे मोठं. नाहीतर फाइल सजवणाऱ्या पोरी कायम पुढं.

विद्यार्थ्याचं कौशल्य कुठल्या पायरीवर आहे ते दाखवणारा मिलरचा पिरॅमिड (१९९०) मला पुस्तकात कळला नव्हता. ५०० मिली सलाईन ८ तासांत, मिलीला २० थेंब पडणारा सेट, म्हणजे मिनिटाला २१ थेंब, हे मी पेपरात बरोबर लिहिलं होतं. पेशंटनं कोपर दुमडलं की थेंब मंदावतात, हे पेपरात कोण विचारणार? माहीत असणं खाली, रोजच्या ड्युटीत करणं वर. मधलं अंतर माझ्या फाइलीत दिसतं, तारखांसकट.

फायनलला माझा पहिला नंबर वगैरे आला नाही. पास झाले, नोकरी लागली, तीही कन्नड भागातच.

एक राहिलंय. त्या आजींच्या पानावर ‘पुढं काय करणार’खाली मी लिहिलं होतं, वेदनेचे दहा कन्नड प्रश्न पाठ करणार. बाजूला तुम्ही लिहिलंत, ‘तीन महिन्यांनी ऐकीन.’ मग पोस्टिंग बदललं, सहीची जागा कोरीच राहिली. दिवाळीत गावी येणार आहे. फाइल आणते. दहाच्या जागी आता बरेच झालेत, पण उच्चाराला अजून इथल्या सिस्टर हसतात.

तुमची विद्यार्थिनी